सूक्ष्म बुरश्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुरशीशास्त्र शिकवू लागल्यापासून मला तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येतात. विद्यार्थी परीक्षेसाठी विचारतात, बागायतदार पान हातात घेऊन विचारतात, आणि डब्यातली भाकरी बुरसली की शेजारच्या काकूही विचारतात. त्या सगळ्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बुरशीचं नाव नेमकं कळलं की पुढे काय करायचं ते कळतं, आणि नाव चुकलं की औषधही चुकतं. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

सूक्ष्म बुरशी म्हणजे नेमकं काय?

भूछत्र किंवा अळिंबी नुसत्या डोळ्यांना दिसते. सूक्ष्म बुरशीचे बीजाणू आणि ते धरणारे अवयव पाहायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो. लिंबावरचा हिरवा थर, काकडीच्या पानावरची भुरी, गव्हावरचा तांबेरा, ज्वारीची काणी, पाव फुगवणारं यीस्ट ही सगळी याच गटातली. पण ही सोयीसाठी केलेली विभागणी आहे, शास्त्रीय वर्ग नव्हे. अळिंबी आणि तांबेरा एकाच मोठ्या संघात मोडतात, आणि शेजारी शेजारी वाढणाऱ्या दोन पांढऱ्या बुरश्या एकमेकींपासून कोट्यवधी वर्षं दूर असू शकतात. आकार आणि नातं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुढचं सगळं सोपं जातं.

बुरशी ही वनस्पती आहे ना? आम्ही शाळेत तसंच शिकलो.

बरेच जण तसं शिकले, कारण बुरशीचा अभ्यास फार काळ वनस्पतिशास्त्राच्या विभागातच होत आला. १९६९ साली व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली आणि बुरशीला स्वतंत्र सृष्टी दिली. बुरशीत हरितद्रव्य नसतं. तिच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात, म्हणजे झुरळाच्या कवचात असतो तोच पदार्थ. साठवणीचं अन्न ग्लायकोजेनच्या रूपात असतं, आपल्या यकृतात असतं तसं. पुढे रेणवीय पुराव्यांनी दाखवलं की बुरशीचं जवळचं नातं प्राण्यांशी आहे. माणसाला झालेला बुरशीचा आजार बरा करणं अवघड जातं, त्याचं एक कारण हेच. तिची आणि आपली पेशी इतकी सारखी असते की बुरशीला मारेल पण आपल्याला अपाय करणार नाही असं औषध शोधताना जागा थोडी उरते.

जगात बुरशीच्या जाती किती?

नाव देऊन नोंदवलेल्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत. प्रत्यक्षात असाव्यात त्या कितीतरी जास्त. १९९१ मध्ये डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी १५ लाखांचा अंदाज मांडला. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या वनस्पतींचा आणि बुरश्यांचा अभ्यास खूप वर्षं झालेला असल्याने तिथली यादी बऱ्यापैकी पुरी होती, आणि तिच्यात दर वनस्पतीमागे बुरशीच्या सुमारे सहा जाती पडत होत्या. तेच प्रमाण त्यांनी जगभरच्या वनस्पतींना लावलं आणि आलेला आकडा थोडा खालीच ठेवला. २०१७ मध्ये त्यांनीच ल्युकिंग यांच्यासोबत तो सुधारून २२ लाख ते ३८ लाख केला. वरच्या टोकाचा आकडा खरा मानला तर २५ जातींमागे एकीलाच नाव मिळालं आहे.

राहिलेल्या जाती कुठे आहेत? कुजणाऱ्या पानात, किड्यांच्या अंगावर, शेणात, मुळांच्या आत, ओढ्याच्या फेसात. पाहणारे डोळे कमी आहेत, बुरश्या कमी नाहीत.

भाकरी, पाव, लिंबू यांवर येते ती कोणती बुरशी?

एकच नसते. पावावर आधी पांढरा कापूस दिसतो आणि मग त्यात टाचणीच्या डोक्यासारखे काळे ठिपके येतात, ती बहुधा रायझोपस. लिंबा-संत्र्यावरचा हिरवा किंवा निळसर थर पेनिसिलियमचा. शेंगदाण्यावरची पिवळट हिरवी पूड ॲस्परजिलसची असण्याची शक्यता मोठी.

लगेच पुढचा प्रश्न येतो: खरवडून खाल्लं तर चालेल का? नाही. वर दिसते ती पूड म्हणजे बीजाणू. धागे केव्हाच आत शिरलेले असतात. त्यातही ॲस्परजिलस फ्लेव्हस ही जाती अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते विष शिजवून जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, कारण त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड या विषाने दूषित झाली होती. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरसलेला मका खाऊन यकृताचा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसं गेली. घरात दुसरं धान्यच नव्हतं म्हणून त्यांनी तो मका खाल्ला होता. म्हणून शेंगा आणि मका नीट वाळवूनच साठवा असं मी प्रत्येकाला सांगते. एकदा बुरशी आल्यावर करण्यासारखं फार काही उरत नाही.

आज बुरश्यांचं वर्गीकरण कसं करतात?

आधी एक शब्द पक्का करू. मराठीत शास्त्रीय लेखनात प्रजाती हा वरचा गट आणि जाती हा त्यातला घटक. ॲस्परजिलस ही प्रजाती, ॲस्परजिलस फ्लेव्हस ही जाती. वर्तमानपत्रांत हे सर्रास उलटं छापतात.

आता मोठे गट. सर्वांत मोठा ॲस्कोमायकोटा. नोंदलेल्या जातींपैकी निम्म्याहून अधिक यात येतात. यांचे लैंगिक बीजाणू एका पिशवीत तयार होतात, बहुधा आठ, शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीने बसलेले. पेनिसिलियम, ॲस्परजिलस, फ्युझेरियम, भुरी, पावाचं यीस्ट, दगडफुलातला बुरशीचा भागीदार, हे सगळे इथे. दुसरा बॅसिडिओमायकोटा. यांचे बीजाणू गदेसारख्या पेशीच्या बाहेर, बारीक दांड्यांवर, बहुधा चार असतात. अळिंबी यातलीच, आणि तांबेरा नि काणीही यातलेच. ज्वारीचं कणीस काळं करणारी काणी नात्याने ॲस्परजिलसपेक्षा भूछत्राला जवळची आहे, हे ऐकून शेतकरी थांबून माझ्याकडे पाहतात.

जुन्या पुस्तकांत तिसरा गट झायगोमायकोटा नावाचा सापडेल. २०१६ मध्ये तो मोडून दोन केले. म्यूकोरोमायकोटामध्ये म्यूकर, रायझोपस आणि वनस्पतींच्या मुळांत राहणाऱ्या मायकोरायझा बुरश्या आल्या. कृषी सेवा केंद्रात ‘व्हॅम’ म्हणून पुडी मिळते, ती याच बुरश्यांची. दुसरा झूपेगोमायकोटा, यातल्या बऱ्याच बुरश्या किडे, अमिबा, सूत्रकृमी किंवा दुसऱ्या बुरश्यांवर जगतात. पावसाळ्यात खिडकीच्या काचेला चिकटून मेलेली माशी आणि तिच्याभोवती पिठाचं गोल कडं कधी पाहिलं आहे? ती एन्टोमोफ्थोरा. कडं म्हणजे माशीच्या पोटातून जोराने बाहेर फेकलेले बीजाणू.

यांच्याखाली पोहणाऱ्या बुरश्या येतात. कायट्रिड बुरश्यांच्या बीजाणूंना मागच्या बाजूला एकच शेपूट असते आणि ते पाण्यात पोहतात. जगभरातले बेडूक मारणारी बुरशी यातलीच, तिचं वर्णन १९९९ मध्ये झालं. शेवटी मायक्रोस्पोरिडिया. रेशीम उत्पादकांना पेब्रिन रोग माहीत असतो. त्याचा कारक नोसेमा फार काळ आदिजीव समजला गेला. आता त्याला बुरश्यांच्या कुळात किंवा अगदी त्यांच्या उंबरठ्यावर बसवतात. उंबरठा म्हणते, कारण सीमा कुठे आखायची यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

रंगावरून बुरशी ओळखता येत नाही का?

अंदाज करता येतो, ओळख पटत नाही. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या पाडुआच्या साकार्दो यांनी बीजाणूंचा रंग, आकार आणि त्यांतले पडदे यांवर आधारलेली पद्धत बसवली. १८८२ पासून त्यांनी तोवर माहीत असलेल्या सगळ्या बुरश्यांचा खंडामागून खंड कोश काढला. खणाखणांच्या कपाटासारखी ती पद्धत सोयीची होती, आणि कामाला आजही येते. पण तिने नात्यागोत्याचे नसलेले शेजारी एका खणात कोंबले.

१९५३ मध्ये कॅनडात स्टॅन्ली ह्यूज यांनी वेगळाच प्रश्न विचारला. बीजाणू कसा *दिसतो* हे सोडा, तो *जन्मतो* कसा ते पाहा. मला हा प्रश्न बुरशीशास्त्रातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. बीजाणूंची साखळी घ्या आणि विचारा, यातला धाकटा कुठे आहे? पेनिसिलियममध्ये बाटलीसारख्या पेशीच्या तोंडातून एकामागून एक बीजाणू बाहेर ढकलले जातात, म्हणून धाकटा बुडाशी आणि थोरला टोकाला. क्लॅडोस्पोरियममध्ये शेवटच्या बीजाणूलाच नवा कोंब फुटतो, म्हणून धाकटा टोकाला. काही बुरश्यांत साखळी जन्मतच नाही, धागाच तुकडे तुकडे होऊन सुटतो. वरवर पाहता तिन्ही साखळ्या सारख्याच. एकदा हे पाहायला शिकलं की सूक्ष्मदर्शकाखाली मुलांचे डोळे बदलतात. ती बीजाणू मोजणं सोडून त्यांची जन्मकथा शोधू लागतात.

एकाच बुरशीला दोन नावं कशी?

बऱ्याच बुरश्या दोन रूपांत जगतात. एका रूपात त्या लैंगिक मीलनाशिवाय भराभर बीजाणू करतात, दुसऱ्या रूपात मीलनातून. दोन्ही रूपं वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी, कधी वेगळ्या देशात सापडायची. दोघांचा संबंध माहीत नसल्याने दोघांना नाव मिळायचं. गव्हाच्या कणसावर फ्युझेरियम ग्रॅमिनेरम आणि तिचंच लैंगिक रूप गिबरेला झी, अशी ही जोडी. ज्यांचं लैंगिक रूप सापडलंच नाही अशांना ‘अपूर्ण बुरश्या’ म्हणून एका मोठ्या पोत्यात भरत. माझ्या पिढीने हे पोतं ड्युटेरोमायसिटीस या नावाने पाठ केलं.

जुलै २०११ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ही दुहेरी पद्धत बंद करण्याचं ठरलं. एक बुरशी, एक नाव. १ जानेवारी २०१३ पासून ते पूर्णपणे लागू झालं. वाचायला सोपं वाटतं, पण कोणतं नाव ठेवायचं आणि कोणतं सोडायचं यावर बरीच वर्षं वाद झाले. डॉक्टर, शेतीतज्ज्ञ, कारखानदार सगळ्यांना आपापलं ओळखीचं नाव हवं होतं. फ्युझेरियम आणि ॲस्परजिलस ही नावं राहिली, त्याबद्दल मला बरं वाटतं. परीक्षेला बसणाऱ्यांना एवढंच सांगते की ड्युटेरोमायकोटा हा आता वर्ग नाही. प्रश्नपत्रिकेत आला तर तो इतिहास म्हणून लिहा.

मग नावं सारखी का बदलत राहतात?

ज्या बुरशीने पेनिसिलिन देऊन लाखो जीव वाचवले तिची गोष्ट ऐका. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात फ्लेमिंग यांच्या बशीत जी बुरशी उतरली तिला आधी पेनिसिलियम रुब्रम समजलं गेलं. अमेरिकेतले तज्ज्ञ चार्ल्स थॉम यांनी ती पेनिसिलियम नोटॅटम असल्याचं सांगितलं. नंतर तिला पेनिसिलियम क्रायसोजेनममध्ये टाकलं. २०११ मध्ये जनुकं तपासल्यावर कळलं की ती पेनिसिलियम रुबेन्स आहे. बुरशी तीच, बशीही तीच. आपलं पाहणं बारीक होत गेलं. नाव बदललं म्हणून आधीचे मूर्ख ठरत नाहीत. त्यांच्याजवळ जी साधनं होती तिथवर ते पोचले.

पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि हीच प्रजाती तिथल्या टाक्यांत वाढू लागली. त्याच ठिकाणी तिरुमलाचार यांच्या संशोधनातून बुरशीनाशक हमायसिन आलं. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तो बुरशी नाही, जिवाणू आहे, पण गावाचं नाव शास्त्रात असं टिकून राहिलेलं पाहून मला दर वेळी आनंद होतो.

द्राक्षावर भुरीही येते आणि केवडाही. दोन्ही पांढरंच. फरक काय, आणि फवारणी एकच चालेल का?

हा प्रश्न नाशिक, सांगलीकडचे बागायतदार विचारतात आणि तो माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

भुरी पानाच्या वर राख भुरभुरल्यासारखी दिसते. बोट फिरवलं की पुसली जाते. ती खरी बुरशी, ॲस्कोमायकोटातली. तिच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, म्हणून कोरड्या हवेतही ती वाढते. केवड्यात पानाच्या वर तेलाचा डाग पडावा तसे पिवळट ठिपके दिसतात आणि पान उलटल्यावर त्याच जागी खाली पांढरी लव. त्याला ओलं पान हवं, कारण त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. केवड्याचा कारक बुरशीसारखा दिसतो, धागे करतो, बीजाणू करतो, पण तो बुरशी नाही. त्याच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजच्या असतात. तो ऊमायसिट गटातला, आणि त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी.

याचा फवारणीशी संबंध असा. भुरीवर वापरली जाणारी हेक्झाकोनॅझोलसारखी औषधं बुरशीला एर्गोस्टेरॉल हा घटक बनवू देत नाहीत. ऊमायसिट तो घटक बनवतच नाही. मग औषधाने अडवायचं काय? उलट केवड्यावर चालणारं मेटॅलॅक्झिल भुरीला काही करत नाही. गंधक भुरीसाठी, बोर्डो मिश्रण केवड्यासाठी, ही जुनी वाटणीही याच नात्यावर उभी आहे. मोरचूद आणि चुन्याचं ते मिश्रण फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेडॉक भागातून आलं. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत. त्याच वेली केवड्यातून वाचल्या हे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आलं, आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

बाजरीचा गोसावी, कोकणात आणि गोव्यात सुपारीला लागणारा कोळेरोग, आणि १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजवून दुष्काळ आणणारा फायटोफ्थोरा, हे सगळे ऊमायसिटच. बुरशीशास्त्रज्ञच त्यांचा अभ्यास करतात, म्हणून ते आमच्या पुस्तकांत राहतात. औषधाचं प्रमाण आणि नेमकं नाव मात्र कृषी अधिकाऱ्याकडून घ्या, माझ्याकडून नको.

आंब्याच्या पानावर काजळी धरते ती कोणती?

ती पानाला खात नाही. तुडतुडे चिकट गोड स्राव टाकतात, त्यावर ती वाढते. आधी तुडतुडे आवरा. काजळीमुळे पानाला ऊन मिळत नाही एवढंच तिचं नुकसान.

तांबेरा आणि गेरवा एकच का?

एकच. गेरूच्या रंगाची पूड म्हणून गेरवा, तांब्यासारखी म्हणून तांबेरा. महाबळेश्वरला यासाठी गहू गेरवा संशोधन केंद्र आहे.

खोडावरच्या तांबेऱ्याचं जीवन फार गुंतागुंतीचं असतं. तो पाच प्रकारचे बीजाणू करतो आणि त्याला दोन वेगळे यजमान लागतात, गहू आणि दारुहळदीच्या कुळातलं बार्बेरी झुडूप. १८६५ मध्ये जर्मनीत आन्तोन दे बारी यांनी ते सिद्ध केलं. युरोप-अमेरिकेत मग बार्बेरी उपटण्याच्या मोहिमा निघाल्या. भारतात तोच उपाय करायचा का? आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं हा प्रश्न तपासला आणि दाखवलं की आपल्याकडे बार्बेरीचा यात हात नाही. मैदानातल्या कडक उन्हाळ्यात बीजाणू मरतात. ते डोंगराळ थंड भागात तग धरतात आणि पुढच्या हंगामात वाऱ्याने खाली येतात. परदेशातलं उत्तर इथे जसंच्या तसं उचललं असतं तर आपण झुडपं उपटत बसलो असतो.

२०२१ मधली ‘काळी बुरशी’ खरंच काळी असते का?

नाही. म्यूकरमायकोसिस घडवणाऱ्या बुरश्या, आणि भारतात त्यांत मुख्य रायझोपस, पांढरट करड्या असतात. रक्तवाहिन्यांत शिरून त्या रक्तपुरवठा तोडतात, आणि मेलेली ऊती काळी पडते. काळा रंग रुग्णाच्या जखमेचा होता. शास्त्रात काळ्या बुरश्या म्हणून जो वेगळा गट आहे त्यांच्या भित्तिकेतच मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य असतं.

त्या महिन्यांत महाराष्ट्रात असंख्य कुटुंबं ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरली. दुसरं बुरशीनाशक का चालत नाही, असं मला तेव्हा अनेकांनी विचारलं. कारण ॲस्परजिलसवर उत्तम चालणारं व्होरिकोनॅझोल म्यूकरच्या गटावर चालत नाही. म्हणूनच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूस लागतो. ॲस्परजिलसचे धागे बारीक, पडद्यांनी विभागलेले आणि लहान कोनात फाटे फुटणारे. म्यूकरचे रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले. एवढ्या फरकावर औषध ठरतं.

यीस्ट वेगळा गट आहे का?

नाही, ती राहणी आहे. एकाच पेशीने जगायचं आणि कोंब फोडून वाढायचं, ही रीत अनेक कुळांनी स्वतंत्रपणे उचलली. पावाचं सॅकरोमायसिस ॲस्कोमायकोटातलं, डोक्यातल्या कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया बॅसिडिओमायकोटातलं. हिस्टोप्लाझ्मासारख्या काही बुरश्या तर मातीत धाग्यांच्या रूपात असतात आणि माणसाच्या शरीरात ३७ अंशांना यीस्ट होतात.

तुम्हाला सर्वांत विलक्षण वाटलेल्या बुरश्या कोणत्या?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि तास संपेपर्यंत मी थांबत नाही.

ताज्या शेणावर पिलोबोलस उगवतो. काचेच्या मण्यासारखा पाण्याने फुगलेला दांडा आणि वर काळी टोपी. तो मणी भिंगाचं काम करतो आणि दांडा उजेडाकडे वळतो. मग दाब वाढून टोपी उडते, दोन मीटरपर्यंत. कारण असं की गुरं शेणाजवळचं गवत खात नाहीत. बीजाणूंना पुन्हा गुराच्या पोटात जायचं असेल तर लांबच्या पात्यावर जाऊन चिकटणं भाग आहे.

मातीत आर्थ्रोबोट्रिस आणि तिच्या नातलग बुरश्या सूत्रकृमी पकडतात. काही चिकट जाळं विणतात. काहींचा तीन पेशींचा फास असतो, कृमी आत शिरला की सेकंदाच्या दहाव्या भागात पेशी फुगतात आणि फास आवळला जातो.

गाईच्या कोठीपोटातही बुरशी आहे, आणि तिथे प्राणवायू नाही. शास्त्रज्ञांनी तिचे पोहणारे बीजाणू पूर्वीच पाहिले होते, पण आदिजीव म्हणून सोडून दिले होते, कारण बुरशीला प्राणवायू लागतोच असा पक्का समज होता. १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढ्यांवर काम करताना ओळखलं की हे बुरशीचे बीजाणू आहेत. रवंथ करणाऱ्या जनावराला कडबा पचतो त्यात या बुरशीचा मोठा वाटा आहे.

आणि ओढ्यातला फेस. १९४२ मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या ओढ्यात कुजणाऱ्या पानांवर इन्गोल्ड यांना चार हातांचे बीजाणू सापडले. पाण्याच्या धारेत वाहताना असा आकार पानाला तीन ठिकाणी टेकतो आणि नांगरासारखा रुततो. सह्याद्रीच्या ओढ्यांतही हे मिळतात. दगडाआड साठलेल्या फेसाचा एक थेंब काचपट्टीवर घ्या, चांदण्या पसरल्यासारख्या दिसतात.

आता डीएनए तपासता येतो. मग सूक्ष्मदर्शक कशाला?

२०१२ मध्ये आयटीएस हा जनुकीय तुकडा बुरश्यांचा सर्वसाधारण बारकोड म्हणून सुचवला गेला आणि काम खूप वेगाने पुढे गेलं. पण फ्युझेरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियममध्ये अनेक जवळच्या जातींचा तो तुकडा जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे आणखी जनुकं पाहावी लागतात. शिवाय सार्वजनिक माहितीसाठ्यांत चुकीच्या नावाने चढवलेले डीएनए क्रम आहेत. यंत्राने सांगितलेलं नाव तपासायला बीजाणू ओळखणारा माणूस हवा. आज विद्यार्थी थेट क्रम पाठवतात आणि आलेला निकाल प्रबंधात उतरवतात. हे मला खटकतं. दोन्ही हात लागतात.

महाराष्ट्रात बुरश्यांचे नमुने कुठे जपले जातात?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती सुरू झाली. तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा आजरेकर यांच्या नावाचा संग्रह आहे आणि जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहही. गोवा विद्यापीठातही पश्चिम घाटातल्या कुजणाऱ्या पानांवरच्या बुरश्यांवर मोठं काम झालं आहे.

मला नवी जाती सापडली तर?

आधी ती जुनीच आहे असं धरून शोधा. बहुतेक वेळा ती शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या खंडात निघते. खरीच नवी असेल तर नमुना वाळवून किंवा वाढ पूर्ण थांबलेल्या अवस्थेत मान्य संग्रहात ठेवावा लागतो, लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन लिहावं लागतं, आणि २०१३ पासून मान्य नोंदणी कोशाचा क्रमांक घेतल्याशिवाय नाव वैध ठरत नाही.

घरी किंवा शाळेत पाहायचं तर सुरुवात कशी करू?

झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओला टीपकागद अंथरा, त्यावर झाडाखालचं वाळकं पान ठेवा आणि डबा उन्हाबाहेर ठेवून द्या. तीन-चार दिवसांनी भिंगातून पाहा. केसासारखं, काळपट काही उभं दिसलं की पारदर्शक चिकटपट्टी त्यावर हलकेच टेकवा आणि काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबावर लावा. आधी लहान भिंगाने जागा शोधा, मग मोठं लावा. गदेसारखा, विटांच्या भिंतीसारखे आडवे-उभे पडदे असलेला बीजाणू दिसला तर अल्टर्नेरिया. मधेच वाकलेला, फुगीर पेशीचा दिसला तर कर्व्हुलेरिया.

डबा नाकाजवळ उघडू नका. दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असतील तर हे काम दुसऱ्याला करू द्या. झाल्यावर पान डब्यासकट उकळत्या पाण्यात बुडवून टाका. आणि जे दिसलं त्याचं पेन्सिलने चित्र काढा, खाली तारीख, झाडाचं नाव आणि गाव लिहा. धाकटा बीजाणू कुठे होता तेही.